‘क्रोम’ या एका शब्दाखाली विकला जाणारा नळसंच: वापरानंतरचे परीक्षण

स्नानगृहासाठी घेतलेल्या या संचात चार वस्तू आहेत: भिंतीवर बसवायचा गरम-थंड पाण्याचा मिक्सर, हँड शॉवर, टॉवेल रॉड आणि साबणदाणी. चारही वस्तूंच्या वेष्टनावर ‘क्रोम’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला आहे, आणि पेटी उघडून त्या शेजारी शेजारी मांडल्या तर पहिल्या नजरेला एकाच धातूच्या वाटतात. प्रत्यक्षात मिक्सरचे अंग पितळेचे आहे, हँड शॉवरचे प्लॅस्टिकचे, टॉवेल रॉडचे स्टेनलेस स्टीलचे, आणि साबणदाणीत तर क्रोमियमचा, म्हणजे ज्या धातूला बाजारात ‘क्रोम’ म्हणतात त्याचा, अंशही नाही. पुरेशा दीर्घ वापरानंतर या चौघांची अवस्था इतकी वेगवेगळी झाली आहे की संचाला मिळून एकच गुण देणे अन्यायाचे होईल. म्हणून येथे प्रत्येक वस्तूचा विचार स्वतंत्रपणे केला आहे आणि ‘क्रोम’ या शब्दाने त्या त्या वस्तूबाबत नेमके काय कबूल केले होते, हाच कस लावला आहे.

संचातील सर्वांत चांगली वस्तू म्हणजे मिक्सर, आणि त्याचे श्रेय क्रोमपेक्षा क्रोमच्या खाली जे आहे त्याला अधिक जाते. मिक्सर पितळेचा आहे हे तो हातात घेताच कळते. पितळेची घनता पाण्याच्या साधारण साडेआठपट असते, स्वस्त नळांत वापरल्या जाणाऱ्या जस्ताच्या मिश्रधातूची साडेसहापटीच्या थोडी पुढे असते, आणि एबीएस या प्लॅस्टिकची पाण्याहून किंचितच अधिक असते. त्यामुळे सारख्या आकाराचे दोन नळ दोन हातांत धरले तर मुलाम्याने झाकलेले बरेच काही वजनावरून उघड होते. येथे चुंबकाचा फारसा उपयोग होत नाही, कारण पितळ आणि जस्त या दोन्हींना तो चिकटत नाही.

अशा नळावरचा मुलामा थरांचा असतो. आधी पितळ घासून, बफिंग करून गुळगुळीत केले जाते. मग विजेच्या साहाय्याने त्यावर निकेलचा थर चढवला जातो, जो चांगल्या कामात १० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून जाड असतो. आणि अगदी शेवटी क्रोमियमचा थर येतो, ज्याची जाडी बहुधा पाव ते अर्धा मायक्रॉन एवढीच असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून ज्या थराच्या नावाने सगळी वस्तू विकली जाते तो किती पातळ असतो याची कल्पना यावी. आरशासारखे प्रतिबिंब दिसते ते प्रामुख्याने खालच्या पॉलिशमुळे आणि निकेलमुळे. क्रोमियम त्याला थंड, निळसर छटा देते, ओरखड्यांना दाद न देणारा कठीणपणा देते, आणि हवेशी संयोग होताच स्वतःवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरून ती चकाकी टिकवते. नुसते निकेल उघडे राहिले असते तर काही काळाने ते मंद आणि पिवळसर पडले असते.

मात्र पाण्यापासून पितळेचे रक्षण करण्याचे मुख्य काम क्रोमियमचे नाही, आणि ग्राहकांना हे क्वचितच सांगितले जाते. इतक्या पातळ थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रे असतातच. ओलावा त्यांतून खाली उतरतो आणि निकेलशी भिडतो. निकेल पातळ असेल तर तो पुढे पितळेपर्यंत जातो आणि पृष्ठभागावर हिरवट ठिपके उमटतात. खाली लोखंड असेल तर ते तपकिरी असतात. याहून विशेष गोष्ट अशी की उत्तम प्रतीच्या मुलाम्यात ही सूक्ष्म छिद्रे मुद्दाम वाढवली जातात. छिद्रे मोजकी असतील तर गंजाचा सगळा जोर त्याच जागी एकवटतो आणि तिथे खोल खड्डा पडतो; ती असंख्य आणि अतिसूक्ष्म असतील तर तो जोर सर्वत्र विभागला जातो आणि निकेलची झीज अत्यंत सावकाश होते. या मिक्सरच्या अंगावर अद्याप एकही हिरवा ठिपका नाही, आणि आमचे पाणी क्षारांचे असूनही ही स्थिती आहे, तेव्हा निकेलच्या थरात काटकसर केलेली नाही असे मानण्यास हरकत नाही.

हा मिक्सर एकदा खालून पाहावा. हँडलचा बाक जिथे अंगाला मिळतो तिथल्या अरुंद खाचेत विजेरीचा उजेड टाकला तर निळसर चकाकी एका रेषेवर संपते आणि तिच्या पलीकडे फिकट पिवळसर, जराशी उबदार चमक सुरू होते. ते उघडे निकेल आहे. क्रोमच्या पारंपरिक द्रावणात वीजप्रवाह कडा आणि उंचवटे यांच्याकडे ओढला जातो, खोलगट जागी तो पुरेसा पोहोचत नाही, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी प्रवाह मिळाला की तिथे क्रोमियम बसतच नाही. निकेल मात्र अशा खाचेतही बऱ्यापैकी जाते. या जागी हात किंवा पाणी सहसा पोहोचत नसल्याने मी याला दोष मानत नाही. उलट, मुलाम्याचे दोन थर उघड्या डोळ्यांनी शेजारी शेजारी पाहण्याची ही चांगली जागा आहे.

दोष आहे तो भिंतीलगतच्या फ्लँजमध्ये. नळ भिंतीतून बाहेर येतो ते भोक झाकणाऱ्या या गोल चकत्या पातळ पोलादी पत्र्याच्या आहेत, आणि त्यांच्या मागच्या कापलेल्या कडेवर मुलामा जवळजवळ नाहीच. तिथे पाणी साचून तपकिरी कडे तयार झाले आणि ते हळूहळू पुढच्या बाजूला डोकावू लागले. पितळेच्या भक्कम अंगाला पत्र्याची चकती जोडण्याचे कारण बचतीपलीकडे काही असेल असे वाटत नाही. मिक्सरच्या आतील सिरॅमिक चकत्यांचे कार्ट्रिज, म्हणजे पाणी सुरू-बंद करणारा भाग, अजूनही हलक्या हाताने फिरते आणि कुठेही गळती नाही.

आता हँड शॉवरकडे वळतो, कारण या संचाबद्दलची माझी मुख्य तक्रार तिथेच आहे. हा एबीएस प्लॅस्टिकचा असून त्यावर खरोखर क्रोमचा मुलामा आहे, म्हणजे वेष्टनावरचे विधान खोटे नाही. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नसल्याने त्यावर मुलामा देण्याची प्रक्रिया बरीच लांबते: आधी तीव्र रसायनाने पृष्ठभागावर सूक्ष्म खळगे पाडले जातात, त्यांत पॅलॅडियमचे कण बसवले जातात, त्यांच्या आधाराने विजेशिवाय निकेल किंवा तांब्याचा पहिला पातळ थर धरवला जातो, आणि त्यानंतर नेहमीप्रमाणे तांबे, निकेल व क्रोम असे थर चढवले जातात. काळजीपूर्वक केले तर हे काम चांगले टिकते. गाड्यांच्या समोरच्या जाळ्या याच पद्धतीच्या असतात आणि ऊनपाऊस सोसतात. पण एबीएस तापल्यावर त्याच्यावरच्या धातूंच्या तुलनेत साधारण पाचपट प्रसरण पावते. गरम पाण्याने रोज स्नान करताना प्लॅस्टिक आणि मुलामा यांच्यात ही ओढाताण रोज होते. मधला तांब्याचा लवचिक थर पुरेसा जाड असेल तर तो ती सोसतो, नसेल तर मुलामा सुटतो.

येथे तो सुटला. प्रथम मुठीजवळ एक फुगवटा आला, मग त्याला चीर गेली, आणि तिथून पोपडे निघू लागले. हे पोपडे रंगाच्या पोपड्यांसारखे निरुपद्रवी नसतात, ही गोष्ट येथे ठासून सांगितली पाहिजे. निकेल-क्रोमचा तो तुकडा ब्लेडइतका पातळ आणि तितकाच धारदार असतो, आणि तो नेमका ओल्या, साबण लागलेल्या हाताच्या पकडीत येतो. घरात लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल तर फुगवटा दिसताच असा शॉवर बदलावा. शिवाय ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांच्या त्वचेला सुटलेल्या मुलाम्याच्या कडेने उघडे पडलेले निकेल लागते. मुलामा अखंड असताना ही अडचण सहसा येत नाही, कारण निकेल आणि त्वचा यांच्यामध्ये क्रोमियम असते. हातात धरायच्या, रोज गरम होणाऱ्या वस्तूला प्लॅस्टिकवरचा हलक्या प्रतीचा मुलामा देणे हा निर्मात्याचा निर्णयच मला चुकीचा वाटतो. साधा पांढरा, मुलामा नसलेला शॉवर दिला असता तर तो अधिक टिकला असता आणि कोणाचे बोटही कापले नसते.

टॉवेल रॉडच्या वेष्टनावर बारीक फरक आहे. तिथे ‘क्रोम प्लेटेड’ नसून ‘क्रोम फिनिश’ असे लिहिले आहे, आणि हा रॉड म्हणजे पॉलिश केलेल्या स्टेनलेस स्टीलची नळी आहे. मुलामा दिलेल्या वस्तूपेक्षा याला खालचा दर्जा समजणारे लोक भेटतात, पण स्नानगृहापुरते माझे मत उलटे आहे. ज्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते त्याला स्टेनलेस म्हणतात, आणि ३०४ या प्रचलित प्रतीत ते सुमारे १८ टक्के असते, सोबत ८ टक्क्यांच्या आसपास निकेल. म्हणजे चारही वस्तूंत सर्वाधिक क्रोमियम या रॉडमध्ये आहे, फक्त ते पृष्ठभागावर न राहता संपूर्ण जाडीत भिनलेले आहे. त्याच्यावर ओरखडा उठला तरी उघड्या पडलेल्या जागी हवेच्या संपर्काने संरक्षक ऑक्साइडचा पापुद्रा पुन्हा धरतो. मुलाम्यावरचा खोल ओरखडा मात्र कधीच भरून येत नाही. रॉडची छटा मिक्सरच्या शेजारी किंचित राखाडी दिसते, आणि संच एकजीव दिसावा अशी अपेक्षा असणाऱ्याला ते खटकू शकेल. मला ते खटकत नाही.

साबणदाणीबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे, पण जे आहे ते महत्त्वाचे आहे. पेटीतील पत्रकाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, ती ‘व्हॅक्यूम मेटलाइज्ड’ असल्याचे छापले आहे. या पद्धतीत निर्वात पेटीत धातूची वाफ करून तिचा पापुद्रा प्लॅस्टिकवर बसवतात आणि वरून पारदर्शक लॅकर मारतात. हा धातू सर्वसाधारणपणे ॲल्युमिनियम असतो. म्हणजे ठळक अक्षरांत ज्याला ‘क्रोम’ म्हटले आहे तो निव्वळ रुपेरी रंग आहे. साबणाच्या सततच्या ओलाव्याने आणि घासण्याने लॅकर गेले, त्याच्या पाठोपाठ चमक गेली, आणि आज तळाशी करडे प्लॅस्टिक दिसते. भिंतीवर टांगायच्या शोभेच्या वस्तूसाठी ही पद्धत ठीक आहे, साबणदाणीसाठी नाही.

या शब्दाचा असा सैल वापर नळांपुरताच मर्यादित नाही, आणि त्याला मोठा इतिहास आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये सायबेरियातून आलेल्या लालभडक शिशाच्या खनिजात हे मूलद्रव्य ओळखले, आणि त्याची संयुगे नाना रंगांची असतात म्हणून रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा रंग त्याच्याच अंशामुळे येतो. चित्रकारांचा क्रोम यलो म्हणजे शिशाचे क्रोमेट. आज मात्र बाजारात ‘क्रोम’ म्हटले की रंगांचा मागमूस नसलेली रुपेरी चकाकीच डोळ्यांपुढे येते, कारण कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक यांच्या १९२०च्या दशकातील कामानंतर क्रोमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर शक्य झाला आणि मोटारींच्या बंपरांपासून खुर्च्यांच्या पायांपर्यंत सर्वत्र पसरला. चामड्याच्या व्यवसायात क्रोम म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेले कातडे, ज्यावर चकाकीचा प्रश्नच येत नाही. जुन्या ध्वनिफितींच्या कॅसेटवरचा क्रोम म्हणजे फितीवरचे क्रोमियम डायऑक्साइड. संगणकाच्या क्षेत्रात आशयाभोवतीच्या चौकटीला, म्हणजे बटणे, पट्ट्या आणि मेनू यांना, क्रोम म्हणण्याची पद्धत होती, आणि गूगलने २००८ मध्ये आणलेल्या ब्राउझरला हेच नाव दिले. हे सर्व वापर आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, कारण त्या त्या व्यवसायातल्या माणसाला त्याचा अर्थ ठाऊक असतो. नळाच्या दुकानातील ग्राहकाला तो ठाऊक नसतो, आणि म्हणून तिथे निर्मात्यावर अधिक जबाबदारी येते.

बसवतानाच्या एका गोष्टीचा येथे उल्लेख करतो. नळाच्या नटांसाठी वापरलेल्या पान्यावरही ‘क्रोम व्हॅनेडियम’ अशी अक्षरे उठवलेली होती. तिथे क्रोमियम पोलादात मिसळलेले असते, सहसा एक टक्क्याच्या आसपास, आणि त्यामुळे पाना उष्णता-संस्काराने आतपर्यंत कठीण होतो. त्याच्यावरची चमक हा निराळा मुलामा असतो. असा कठीण पाना मुलाम्याच्या नटावर थेट लावला तर कडांवर कायमचे वळ उठतात. प्लंबरला पान्याच्या जबड्यात जाड कापड धरायला आधीच सांगावे, कारण नंतर कोणत्याही पॉलिशने ते वळ जात नाहीत.

निगेबाबत पत्रकातील सूचना अपुऱ्या आहेत. ‘सौम्य साबणाने पुसावे’ एवढेच त्यात आहे, आणि ज्या चुकीने असे नळ सर्वाधिक बिघडतात तिचा उल्लेखही नाही. क्रोमियम नायट्रिक आम्लाला दाद देत नाही, पण हायड्रोक्लोरिक आम्लात ते सहज विरघळते, आणि फरशी व शौचकूप साफ करण्याच्या अनेक द्रावणांत नेमके हेच आम्ल असते. फरशीवर ओतलेल्या अशा द्रावणाचे शिंतोडे नळावर तसेच राहिले तर निळसर चमकीत पिवळट डाग पडतात. तो डाग म्हणजे क्रोम निघून उघडे पडलेले निकेल, आणि घासून तो जाण्याचा प्रश्नच नसतो, घासल्याने वाढेल मात्र. क्षारांच्या पांढऱ्या खुणांसाठी पाण्यात मिसळलेले व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाचे विरळ द्रावण मऊ कापडाने लावून, थोड्याच वेळात भरपूर पाण्याने धुऊन, नळ कोरडा पुसणे पुरेसे होते. खरखरीत घासणी आणि भुकटी यांना मुलाम्यापासून दूरच ठेवावे. साबणदाणीला यांतले काहीही चालत नाही.

निर्मितीचा प्रश्नही परीक्षणाच्या कक्षेत येतो असे मी मानतो. क्रोम मुलाम्याचे पारंपरिक द्रावण क्रोमिक आम्लाचे असते, आणि त्यातील षट्संयुजी क्रोमियम (संयुगातील क्रोमियमचे विषारी रूप) श्वासावाटे गेल्यास कर्करोगास कारण ठरते. तयार नळावर असते ते धातुरूप क्रोमियम, त्यामुळे वापरणाऱ्याला या विषाचा धोका नाही. धोका आहे तो मुलामा देणाऱ्या कामगाराला आणि कारखान्याचे सांडपाणी जिथे जाते तिथल्या लोकांना. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडचा, म्हणजे क्रोमिक आम्लाचे द्रावण ज्यापासून बनते त्या पदार्थाचा, अशा कामासाठीचा वापर विशेष परवानगीशिवाय करता येत नाही, आणि त्रिसंयुजी क्रोमियमच्या, म्हणजे त्याच धातूच्या दुसऱ्या रूपाच्या, तुलनेने सुरक्षित द्रावणांकडे उद्योग वळत आहे. या संचाच्या पेटीवर कोणती पद्धत वापरली याविषयी एक अक्षरही नाही. मिक्सरच्या खाचेतील उघडे निकेल जुन्या पद्धतीकडे बोट दाखवते, कारण त्रिसंयुजी द्रावण अशा खोलगट जागी अधिक चांगले पोहोचते. अर्थात तेवढ्यावरून निश्चित विधान करता येत नाही.

पोपडे निघालेल्या हँड शॉवरच्या जागी मी दुसऱ्या निर्मात्याचा, त्रिसंयुजी क्रोमचा मुलामा असल्याचे स्पष्ट लिहिलेला शॉवर बसवला आहे. त्याची छटा मिक्सरपेक्षा जराशी गडद आहे. दिवसाच्या उजेडात दोन्ही जवळ धरले तर फरक कळतो, दिव्याच्या प्रकाशात जवळजवळ कळत नाही. छटेतील एवढ्या फरकासाठी कामगाराच्या फुप्फुसांशी खेळणारी पद्धत चालू ठेवावी असे मला वाटत नाही, आणि ग्राहकांनी हा फरक आनंदाने स्वीकारावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मिक्सर आणि टॉवेल रॉड सुटे मिळत असतील तर ते अवश्य घ्यावेत. फ्लँज मात्र पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या वेगळ्या मागून घ्याव्यात. संपूर्ण संच घेण्याची शिफारस मी करणार नाही. दुकानात पाहताना विक्रेत्याला चमकीबद्दल काही विचारण्याची गरज नाही. अंग कशाचे आहे, निकेलचा थर किती मायक्रॉनचा आहे, आणि हातात धरायच्या भागाखाली प्लॅस्टिक आहे की धातू, हे तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर लेखी मिळाले तरच पैसे द्यावेत. हीच माहिती मी निर्मात्याकडे पत्राने मागितली आहे आणि पेटीच्या पुढील छपाईत प्रत्येक वस्तूच्या नावापुढे ती द्यावी, अशी विनंतीही त्यात केली आहे.